सिस्टरच्या टेबलाजवळची खाट

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज चंदन स्वतःहून बोलला. सकाळी ओट्यावर बसून चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरूनही अर्धा चहा बनियनवर सांडला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तेव्हा म्हणाला, "बाबा, मले हे सोडाचं आहे. पण माझ्या एकट्याच्यानं होत नाही."

छत्तीस वर्षांचा माणूस, माझा एकुलता एक मुलगा. कळमन्याच्या फळबाजारातल्या एका अडत्याचा टेम्पो चालवतो. नरखेडकडच्या गावांतून संत्री भरून आणायची, हे त्याचं काम. ऐन आंबिया बहराच्या हंगामात मालकाने त्याच्याकडून चावी काढून घेतली, कारण मागच्या आठवड्यात काटोलच्या अलीकडे त्याने गाडी रस्त्याखाली उतरवली. कोणाला लागलं नाही. सकाळी पव्वा घेतल्याशिवाय त्याचे हात थांबत नाहीत आणि पव्वा घेतला की तो गाडी चालवण्याच्या लायकीचा राहत नाही. हे इतकी वर्षं आम्हाला दिसत होतं. आज ते तो स्वतः म्हणाला.

माझी बायको कुसुमावती देवापुढे जाऊन बसली. सून रोशनी लोकांच्या साड्यांना फॉल लावते. तिने मशीन थांबवलं नाही, पण डोळे पुसले. मी मनात ठरवलं, पोट्टा तयार झाला आहे, आता कडक राहायचं. आम्ही टिमकीतले विणकर. उभ्या धाग्यांचा ताणा ढिला सोडला की कापड बिघडतं, हे मला बापाने शिकवलं आहे. माग विकून विणकरांच्या सोसायटीत कारकून झालो तरी ते विसरलो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज चंदन आणि रोशनीला घेऊन दारू सोडवणारी दोन ठिकाणं पाहिली.

पहिलं शहराबाहेर, एका ओळखीच्याने सुचवलेलं. लोखंडी दार, खिडक्यांना पत्रे. आत हॉलमध्ये पुष्कळ माणसं भिंतीला टेकून बसलेली, सगळ्यांची डोकी भादरलेली. एवढी माणसं, पण आवाज कोणाचाच नाही. मालक म्हणाला, "इथं पाय ठेवला की दारू बंद. औषध नाही, लाड नाही. दोन-चार दिवस बोंबलते, मंग आपोआप सरळ होते." मला शिस्त आवडली. एकाच्या मनगटावर वळ होते. विचारलं तर मालक म्हणाला, बाथरूममध्ये पडला. रोशनी दारातूनच म्हणाली, "मामाजी, चला इथून." तिचा चेहरा पाहून निघालो, पण मनातून मला ते ठिकाण पटलं होतं.

दुसरं शहरातच, नंदनवन वस्तीत. 'उभारी' नावाचं, एका ट्रस्टचं. साधं दुमजली घर, कुंपणाला जास्वंद, फाटक उघडंच. मोठ्या सिस्टर चारुशीला म्हणून आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पण बोलल्या चंदनशीच. किती वर्षं झाली, सकाळी नाही घेतली तर काय होतं, झोप कशी लागते, पूर्वी कधी बंद केली होती का, तेव्हा फिट आली होती का, नसलेलं काही दिसलं होतं का. चंदन खाली पाहत म्हणाला, "एक डाव फिट आली होती. दोन वर्षांआधी." मला हे ठाऊक नव्हतं. रोशनीला होतं.

खाट सोमवारी रिकामी होणार. आणि मग सिस्टर जे बोलल्या ते ऐकून मी थक्क झालो. म्हणाल्या, "तोवर एकदम बंद करू नका, भाऊ. लागते तेवढीच, थोडी थोडी घ्या, वाढवू नका. पोटात अन्न ठेवा. गाडीला हात लावू नका. थरथर वाढली, उलट्या झाल्या तर सोमवारची वाट पाहायची नाही, लगेच फोन करायचा."

दारू सोडवणारं केंद्र म्हणतं, सोमवारपर्यंत पी. मी आजवर असं ऐकलं नव्हतं. रस्त्यात रोशनीला म्हटलं, "या बाईले माणूस सुधरवाचा आहे का खाट भराची आहे?" ती म्हणाली, "मामाजी, त्यांनी जेवढं विचारलं तेवढं आजवर कोणी विचारलं नाही."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज निकाल लावला. सकाळी चंदनच्या उशाखालून बाटली काढली आणि मोरीत ओतली. दुसरी मशीनच्या मागे होती, तीही ओतली. खोलीला बाहेरून कडी लावली.

तो आतून म्हणाला, "बाबा, सोमवारपर्यंतची तर गोष्ट आहे. सिस्टर काय म्हणाल्या, ऐकलं ना तुम्ही."

मी म्हटलं, "सिस्टर परकी आहे. मी बाप आहे."

रोशनीने फोन करायचं म्हटलं, मी नको म्हटलं. तिने मशीन चालू केलं, पण टाके वाकडे पडत होते, दोनदा उसवले. कुसुमावती म्हणाली, "तुमचंच खरं करता नेहमी." असेल. पण आज घरात एक थेंब नाही. किती वर्षांनी असा दिवस आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

चंदनला सकाळपासून घाम. चादर पिळावी इतका. दोनदा ओकला. हात असे हलत होते की पेला तोंडाला लागेना. मी कुसुमावतीला समजावलं, विष बाहेर पडून राहिलं आहे, पडू दे. ती त्याच्या तळपायाला तेल चोळत बसली.

रोशनीने मला न विचारता फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून ऐकलं. चारुशीला सिस्टरनी फक्त एवढं विचारलं, शेवटची कधी घेतली. रोशनी म्हणाली, शुक्रवारी झोपताना; शनिवारी सकाळी मामाजींनी फेकून दिली. माझे कान गरम झाले. आता बाई मला सुनावणार. पण त्या म्हणाल्या, "बरं. आत्ताच घेऊन या. मोटारसायकलवर नको, ऑटोत आणा, दोघांच्या मध्ये बसवून."

गेलो तेव्हा तिथले डॉक्टर विक्रम आलेले होते. रविवार असूनही. नाडी, बीपी, ताप, डोळे, पोट, सगळं तपासलं. कुसुमावतीने ग्लुकोजचं पाणी नेलं होतं, सिस्टर म्हणाल्या, "देऊ आई, पण आधी एक व्हिटॅमिनचं इंजेक्शन जाऊ द्या, मग." दंडात इंजेक्शन, झोपेची म्हणावी अशी एक गोळी, आणि मग त्याला खाट दिली ती अगदी सिस्टरच्या टेबलाजवळची. बाकी खाटा आतल्या खोल्यांत आहेत. ही हवेशीर, उजेडाची, आमचं वय पाहून दिली असेल. मी आभार मानले. त्या नुसत्या हसल्या.

डॉक्टरांनी तिथूनच मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याला, फोन करून सांगून ठेवलं, असा असा पेशंट आमच्याकडे आहे, गरज पडली तर पाठवू. मला हे आवडलं नाही. एवढ्यात मेडिकल कशाला? यांना स्वतःवर भरवसा नाही की काय.

पहिले काही दिवस घरचं एक माणूस जवळ असलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मी राहिलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

इथल्या काही गोष्टी मला समजत नाहीत.

बाथरूमला आतून कडी नाही. दार बाहेरच्या बाजूने उघडतं. खाटा इतक्या बुटक्या की बसताना माझे गुडघे वाजतात. पंख्याला वरून जाळी. दिवा पूर्ण मालवत नाहीत, मंद ठेवतात. आणि माणसाला धड झोपू देत नाहीत. चंदनचा जरा डोळा लागला की कोणीतरी येतं. "हात पुढे करा. बोटं पसरा. कुठं आहात? आज कोणता वार?" नाडी मोजतात, त्याप्रमाणे गोळी देतात किंवा देत नाहीत. मी म्हटलं, "झोपू द्या ना बापा त्याले." दुर्गेश नावाचा परिचारक आहे, तो पूर्वी स्वतः इथे उपचार घेऊन गेलेला. तो म्हणाला, "काकाजी, गोळीनं झोपला का आजारानं सुस्तावला, हे विचारल्याबिगर समजत नाही."

पण एक लिहायलाच पाहिजे. दुपारी चंदनचे कपडे खराब झाले. मी उठणार तेवढ्यात दुर्गेश आणि चारुशीला सिस्टर दोघांनी पडदा ओढला, त्याला पुसलं, कपडे बदलले. तोंडाने एक शब्द वाकडा नाही. सिस्टर म्हणत होत्या, "चंदनभाऊ, आता डावा हात उचलते हं. आता कूस बदलू." प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. तो भानावर होता की नाही कोण जाणे, पण त्या त्याला सांगत होत्या. घरी आम्ही त्याला इतकी वर्षं उचललं, पुसलं, शिव्या देत देत. असं सांगून कधी केलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चंदन शांत. मला फार बरं वाटतंय.

चहानंतर तो उठून बसला आणि हवेत बोटं चालवू लागला. दोन बोटांत काहीतरी धरून पीळ द्यायचा, गाठ मारायची, ओठाने टोक ओलं करायचं, पुन्हा पुढचा. मी ओळखलं. तुटलेला धागा जोडतोय. लहानपणी मागाखाली बसून हेच करायचा, माझ्यापेक्षा चपळ. म्हणाला, "बाबा, लय तुटले. पूर्ण ताणाच तुटला."

मला भरून आलं. दारूने सगळं नेलं, पण हातांना माग आठवतो आहे. मी म्हटलं, "हळू हळू गाठ मार. घाई नाही." त्याने मला टोक धरायला दिलं. मी धरलं. आम्ही दोघं बाप-लेक कितीतरी वेळ तसे बसलो होतो. मधे दुर्गेश येऊन विचारून गेला तेव्हा चंदनने नाव, वार, जागा सगळं बरोबर सांगितलं. तो गेला की पुन्हा धागे.

आता तो चादरीवरून मुंग्या झटकतोय. मुंग्या नाहीत. पण चादर झटकलेली बरीच. सिस्टरची तपासायची वेळ झाली, येतीलच. बाकी नंतर लिहीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार. मेडिकल.

काल लिहिणं थांबवलं तेव्हा चारुशीला सिस्टर आल्या. खाटेपाशी क्षणभर उभ्या राहिल्या. चंदनची बोटं पाहिली. त्याच्याकडे वाकून म्हणाल्या, "चंदनभाऊ, काय करताय?"

"सिस्टर, बाजूले व्हा. धागे आहेत."

"कुठं आहोत आपण?"

"कळमन्यात. गाडी खाली कराची आहे."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, हे कधीपासून?"

मी म्हटलं, "सकाळच्या चहापासून. त्याले माग आठवला."

त्यांनी आवाज चढवला नाही. दुर्गेशला एकच हाक मारली आणि ते दोघं असे हलले की मी बाजूला कधी झालो, कळलं नाही. दुर्गेशने उशी, कडेचं स्टूल, पाण्याचा तांब्या सगळं दूर केलं. सिस्टरनी फोन खांद्याशी धरून डॉक्टरांना आकडे सांगत इंजेक्शन भरलं. चंदन आता ओरडू लागला होता. त्याला कोणी गाडीखाली ओढत होतं म्हणे. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा कोण माणूस आहे? याले बाहेर काढा." मी त्याचा बाप. सिस्टरनी त्याचे हात बांधले नाहीत. त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून हळू हळू एकच बोलत राहिल्या, "तुम्ही उभारीत आहात. मी चारुशीला. इथं तुम्हाला कोणी काही करणार नाही." त्याने हात झटकला तो त्यांच्या चष्म्याला लागला. चष्मा उडाला. त्यांनी शोधलाही नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात.

मी खरं लिहितो. अँब्युलन्स आली तेव्हा मी भडकलो. म्हटलं, "झेपत नाही तर घेतलं काहून? आता मेडिकलच्या गळ्यात टाकून राहिले." मला वाटलं, नाव खराब होऊ नये म्हणून काढून देताहेत. सिस्टर म्हणाल्या, "काकाजी, याच्यापुढचं जे लागतं ते आमच्याकडे नाही. ते जिथं आहे तिथं नेते आहे. मी सोबत येते." आणि खरंच बसल्या. पूर्ण रस्ता चंदनचं डोकं धरून, त्याच्याशी बोलत. वाटेत त्याला फिट आली. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं ठेवलं, मला म्हणाल्या, "तोंडात काही घालू नका, थांबेल." थांबली. मेडिकलच्या दारात माणसं तयार होती. सिस्टरनी काय दिलं, किती, कधी, सगळं न अडखळता सांगितलं. आतल्या तरुण डॉक्टरने दोनदा विचारलं नाही.

तोच डॉक्टर आज सकाळी मला म्हणाला, "दारू अचानक थांबली की काही पेशंटमध्ये असं होतं. यातून माणूस जातोसुद्धा. तुमच्या सिस्टरनी वेळेत आणलं."

तुमच्या सिस्टर, असं तो म्हणाला.

रोशनी डबा घेऊन आली. मला वाढलं. मी तिच्याकडे फार पाहिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चंदनने काल डोळे उघडून आईला ओळखलं. आज मलाही. मधल्या दिवसांचं त्याला काही आठवत नाही. मी सांगितलं नाही.

चारुशीला सिस्टर रोज येऊन जातात. त्यांची ड्युटी नंदनवनात, मेडिकल त्यांच्या वाटेवरही नाही. कुसुमावतीने विचारलं, "ताई, चष्म्याचं काय झालं वं?" म्हणाल्या, "दुसरा होता, आई." आणि कुसुमावतीलाच विचारू लागल्या, झोप होते का, जेवता का, गुडघे कसे आहेत. कुसुमावती घरी येऊन म्हणाली, "मले कोणी किती दिवसांनी विचारलं." मी म्हटलं, मी विचारत नाही का. ती हसली. हसण्याचा अर्थ मला लागला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंदनला काल उभारीत परत घेतलं. खाट तीच, टेबलाजवळची.

आज दुपारी त्यांनी मला बैठकीला बोलावलं. सतरंजीवर सगळे बसले होते: डॉक्टर विक्रम, चारुशीला सिस्टर, दुर्गेश आणि दुसऱ्या पाळीच्या नर्स देवकी. चहा होता. मला वाटलं, आता हिशेब होणार, बाटली कोणी ओतली, धाग्यांचं कोणी सांगितलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सोसायटीत आयुष्य गेलं. काही बिघडलं की आधी नाव शोधायचं, हे मी जन्मभर पाहिलं. आमची सोसायटी बुडाली तेव्हाही शेवटची बैठक नाव शोधण्यातच संपली होती.

इथे चारुशीला सिस्टर पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "काकाजी सकाळपासून त्याच्याजवळ बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं. काय दिसलं तर आम्हाला हाक मारायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पाणी द्या, सोबत बसा, एवढंच सांगितलं. ही माझी चूक."

दुर्गेश म्हणाला, "मी मधे विचारून गेलो, तेव्हा त्यानं बरोबर सांगितलं. मी तेवढ्यावर राहिलो. बाजूले बसलेल्या बापाले विचाराले पाहिजे होतं."

डॉक्टर म्हणाले, रविवारीच सरळ मेडिकलला पाठवायला हवं होतं का, यावर आपण बोलू. आणि ते खरंच बोलले, आपापसांत, माझ्यासमोर. पूर्वीची फिट, मधला दारूविना गेलेला एक दिवस, नाडी. डॉक्टर म्हणाले, यापुढे अशी फिट आधी आलेली असेल आणि दारू आधीच थांबली असेल तर आपण इथे ठेवायचंच नाही, पहिल्यापासून मोठ्या दवाखान्यात. आपल्याला वाटलं, सांभाळू. थोडक्यात निभावलं. डॉक्टर स्वतःबद्दल असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मधल्या दिवसाबद्दल बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही.

मग सिस्टरनी मला विचारलं, "तुम्ही जे पाहिलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?"

मी सांगितलं. पीळ, गाठ, ओलं केलेलं टोक. मी टोक धरलं होतं तेही. देवकी सिस्टरने मान खाली घातली. मला वाटलं, हसतील. चारुशीला सिस्टर म्हणाल्या, "त्याला तुम्ही घाबरू दिलं नाही. हाक तेवढी मारायची राहिली." मग म्हणाल्या, "बाहेरून येणाऱ्या माणसाला 'भ्रम' म्हटलं तर समजत नाही, काकाजी. रिकाम्या हातांनी काम करू लागला तर आम्हाला बोलवा, हे समजेल. पुढच्या घरच्यांना मी असंच सांगीन."

मला माझ्या बाटलीबद्दल बोलायचं होतं. तोंड उघडलं. दुर्गेशने चहा पुढे केला. पण मी घेतला नाही, बोललो. "शनिवारी मी एकदम बंद केली. तुम्ही नाही म्हटलं होतं."

डॉक्टर म्हणाले, "हो. ते आम्हाला रोशनीताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं. म्हणून तर त्याला टेबलाजवळ ठेवलं."

म्हणजे ती खाट माझ्या वयासाठी नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

चंदन घरी आला. बारीक झाला आहे, पण कप एका हाताने धरतो. मयुरी, त्याची मुलगी, शाळेतून आल्यापासून त्याच्या मागे मागे आहे. फार जवळ जात नाही, फार लांबही नाही.

निघताना सिस्टरनी त्याला सांगितलं, "पुन्हा घेतली तर काय, हे आत्ताच बोलून ठेवू. घेतली तर लपायचं नाही, आणि स्वतः ठरवून बंदही करायची नाही. इथं यायचं. फाटक उघडं असतं."

मला हे अशुभ वाटलं. माणूस बरा होऊन निघाला आणि पुन्हा घेतली तर, हे काय बोलणं. पण आता मी त्यांच्या बोलण्यावर लगेच मत देत नाही. थांबून पाहतो.

घरी येताना चौकात सिग्नलवर चंदन म्हणाला, "बाबा, ते लोक मले एक डावही 'बेवडा' नाही म्हणाले." आम्ही घरात काय काय म्हणालो होतो, ते त्याच्या डोक्यात असेल.

अडत्याने त्याला टेम्पो नाही दिला, पण मापावर घेतलं आहे. संत्री तोलायची, क्रेट मोजायचे. तो म्हणाला, चालते.

२८ जानेवारी २०२६, बुधवार

काल उमरेडला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. चंदन आमच्याबरोबर परत आला नाही. मागून येतो म्हणाला. आला तेव्हा सरळ खोलीत गेला. रोशनीने ताट झाकून ठेवलं. मला वास आला होता. रात्रभर झोप आली नाही.

सकाळी उठलो तर तो नाही. रोशनी मशीनवर हात ठेवून बसलेली. म्हणाली, "मामाजी, मी उठले तेव्हा नव्हतेच. फोन इथंच आहे."

मी निघालो. कळमन्याला गेलो. फळांच्या लिलावाची गर्दी, त्यात शोधला. अडत्या म्हणाला, आज आलाच नाही. मागच्या गल्लीतल्या दुकानाच्या पायऱ्या पाहिल्या, जिथून त्याला पूर्वी उचलून आणायचो. नाही. पारडीच्या नाक्यावर गेलो. नाही. एका ठिकाणी रेल्वेच्या रुळांकडे गर्दी दिसली. मी लांबच थांबलो. एकाला विचारलं, तो म्हणाला, म्हैस कटली. मी तिथेच खाली बसलो.

मग नंदनवनात गेलो, ते मदत मागायला. सिस्टरना सांगावं, तुम्हीच शोधा आता.

फाटक उघडंच होतं. अंगणात बाकावर चंदन बसला होता. अंघोळ न केलेला, डोळे लाल. हात पुढे करून, बोटं पसरून. समोर देवकी सिस्टर त्याची नाडी पाहत होत्या.

तो मला पाहून उठला नाही. म्हणाला, "बाबा, काल घेतली मी. सकाळी परत घ्याची इच्छा झाली. मंग चालत आलो. टिमकीपासून इथवर."

नोव्हेंबरात त्याला आम्ही तिघांनी ऑटोत कोंबून आणलं होतं.

चारुशीला सिस्टर आतून आल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी दिलं. चंदनला म्हणाल्या, "काल किती, ते नीट सांगा. लाजून कमी सांगू नका, औषध चुकेल." तो सांगू लागला. त्यांनी भुवई उचलली नाही, सुस्कारा टाकला नाही. दूधवाल्याला दूध किती घातलं विचारावं तसं विचारत होत्या. मी मनात म्हटलं, या बाईपुढे खोटं बोलायला माणसाला कारणच उरत नाही. मी बाप आहे, आणि माझ्यापुढे त्याला जन्मभर कारण होतं.

डॉक्टर येईपर्यंत थांबायचं होतं. मी खुर्ची त्याच्या बाकाजवळ ओढली. कडी लावल्यासारखा बसलो, आता हलणार नाही, असं. चंदनने ते ओळखलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही घरी जा. रोशनी घाबरली असन, तिले सांगा मी इथं आहे. डॉक्टर काय म्हणते ते ऐकून मी येतो. ठेवून घेतलं तर राहतो."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या. त्यांनी हो किंवा नाही, काहीच केलं नाही. ठरवायचं मलाच होतं.

मी उठलो. फाटकातून बाहेर पडलो आणि मागे न पाहता ऑटो स्टँडपर्यंत चालत गेलो.